तिरप्याची रेघ

उस्तादांच्या जिभेला हाड नव्हतं हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं, आणि तरी केस कापायला सगळे त्यांच्याकडेच जायचे. कारण हात. मानेवरची रेघ पट्टी लावून ओढल्यासारखी सरळ यायची, दोन्ही कल्ले कानापाशी एकाच उंचीवर थांबायचे. माणूस खुर्चीत बसला की त्याची दुहेरी हजामत व्हायची, एक केसांची आणि एक त्याची स्वतःची. बेकरीवाल्याचा पाव कसा लहान होत चाललाय, पोस्टमनचं पोट कसं मोठं होत चाललंय, समोर घड्याळं दुरुस्त करणारे घड्याळजी चार माणसांत बसून चार शब्द कसे बोलत नाहीत, सगळं तिथंच, आरशासमोर, बाकीची गिऱ्हाइकं ऐकत असताना निघायचं. तोंडावर लोक त्यांना उस्ताद म्हणत. पाठीमागे वस्तरा.

अशा माणसाच्या पोटी तिरप्या जन्माला आला.

नाव त्याचं चांगलं होतं, आईनं हौसेनं ठेवलेलं, पण ते शाळेच्या दाखल्यावरच राहिलं. पोरगं कुणाचं बोलणं ऐकायला लागलं की त्याची मान हळूहळू उजवीकडे कलायची, म्हणून गल्लीनं त्याला तिरप्या करून टाकलं. मानेत काही दोष नव्हता. उस्तादांनी डॉक्टरला दाखवलं तेव्हा डॉक्टरनं ती मान चहूकडे फिरवून पाहिली, मग बोलता बोलता आपल्या मेव्हण्याची काहीतरी तक्रार काढली, आणि पोराची मान कलली. "ऐकतोय तो," डॉक्टर म्हणाले. "याला औषध नाही. कुणावर गेलाय?" उस्ताद म्हणाले, "माझ्यावर तर नाही. माझ्या घरात बोलायला मी एकटा पुरेसा आहे." आणि हसत हसत पोराला घेऊन घरी आले. त्यांना त्यात गंमतच वाटली होती.

सलून म्हणजे एक लांबट खोली. दोन खुर्च्या, दोन आरसे, मागे भिंतीला टेकून बाक, आणि आतल्या दारापलीकडे घर. रस्त्याकडच्या दाराजवळची खुर्ची उस्तादांची. खिडकीजवळची जुनी, तिचा दांडा दाबला की ती कुरकुरत वर जायची. लहानपणी तिरप्या तिच्या हातांवर आडव्या टाकलेल्या फळीवर बसून केस कापून घ्यायचा. पुढे तो केर काढायला लागला, मग साबणाचा फेस करायला, आणि मिसरूड फुटली तेव्हा उस्तादांनी त्याच्या हातात कात्री दिली. ती जुनी खुर्चीही त्यालाच दिली. तिथून रडगाणं सुरू झालं.

हात वाईट नव्हता हो पोराचा. पण गिऱ्हाईक बोलायला लागलं की त्याचं सगळं ध्यान तिकडे. मान कलली की डोळे कलले, डोळे कलले की कंगवा कलला, आणि मानेवरची रेघ डावीकडून निघायची ती उजवीकडे पोचेपर्यंत बोटभर वर चढलेली असायची. उजवा कल्लाही डाव्यापेक्षा वर. दर वेळी. नाचता येईना अंगण वाकडं असं लोक म्हणतात. उस्ताद म्हणायचे, "आमच्या चिरंजीवांना कापता उत्तम येतं, लोकांची डोकीच वाकडी निघतात, त्याला तो बिचारा काय करणार?"

आणि तरी माणसं खिडकीजवळच्या खुर्चीत बसायची. उस्तादांची खुर्ची रिकामी व्हायची, उस्ताद कापड झटकून तयार व्हायचे, आणि बाकावरचा माणूस खिडकीकडे बघत म्हणायचा, "तुमचं चालू द्या, मला घाई नाही." उस्तादांच्या तळपायाची आग मस्तकात जायची. ज्या हातानं अख्ख्या गल्लीला माणसांत आणलं तो हात रिकामा, आणि ते दिवटं तिकडे लोकांची ध्यानं करून सोडतंय, तर त्याच्यापुढे रांग.

कारण काय, तर तिरप्या "मग?" म्हणायचा. एवढंच. पोस्टमन साहेबाची गाऱ्हाणी सांगायचा, बेकरीवाला पाठदुखीची, आणि तिरप्या मध्येच कात्री थांबवून म्हणायचा, "मग?" ते ऐकलं की माणसाला वाटायचं, आपल्याकडे पुढे सांगण्यासारखं खरंच काहीतरी आहे. घड्याळजी तर वर्षानुवर्षं मुक्यानं बसून मुक्यानं उठून गेलेला माणूस. पण या खुर्चीत बसला की तोसुद्धा आपण लहानपणी कालव्यात कसे पडलो ते सांगायचा. दर वेळी तेच. तोच कालवा, तीच वाहून गेलेली चप्पल. आणि दर वेळी तिरप्या पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखा, "मग?" उस्तादांनी जन्मात कुणाला असं विचारलं नव्हतं. पुढचं त्यांना आधीच ठाऊक असायचं.

पुढे लढाई सुरू झाली, आणि बाकावरची बोलणी बदलली. गल्लीतली पोरं एकेक करून गेली. बेकरीवाल्याचा थोरला गेला, पोस्टमनचा पुतण्या गेला. खिडकीजवळच्या खुर्चीत आता त्यांचे बाप आणि काका बसायचे आणि हळू आवाजात बोलायचे. तिरप्या ऐकायचा, आणि रेघ आणखी कलायची.

एका सकाळी बेकरीवाला त्या खुर्चीत होता. त्याचा मुलगा जखमी झाल्याचं नुकतंच कळलं होतं, तेच तो सांगत होता, आणि ऐकता ऐकता तिरप्याची कात्री त्याच्या कानाला लागली. थेंबभर रक्त आलं, तुरटी फिरवली, थांबलं. बेकरीवाल्याला पत्ताही नव्हता. पण उस्तादांनी उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. "कात्री धरता येत नाही तुला," ते भरल्या दुकानात म्हणाले, "जा, बंदूक तरी धर जाऊन. तिकडे काही वाकडं झालं तर निदान शत्रूचं होईल."

बाकावरचे हसले. तिरप्यासुद्धा हसला. आणि आठवडा संपायच्या आत तो गणवेश घालून आरशासमोर उभा होता.

त्याला गाडीत बसवून परत आल्यावर उस्तादांच्या बायकोनं दोरीवरचे टॉवेल काढून त्यांच्या घड्या घातल्या. सलूनचे टॉवेल धुण्याचं काम लग्नापासून तिचंच. शेवटची घडी घालून झाल्यावर ती म्हणाली, "झालं तुमच्या मनासारखं?" उस्तादांनी टॉवेलांची चळत उचलली आणि दुकानात नेऊन ठेवली. असं त्यांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं.

तिरप्या एकदाच सुट्टीवर आला. आला तो अंगानं भरलेला, रापलेला, आणि हसत हसत. लष्करात म्हणे पहिल्याच दिवशी विचारलं, बाप काय करतो? यानं खरं ते सांगितलं. झालं, त्यांनी बंदुकीबरोबर कात्रीही हातात दिली. "आता आमच्या अख्ख्या तुकडीचे केस माझ्याकडे असतात, बाबा," तो म्हणाला. "पाठमोरी रांग उभी राहिली की साहेब म्हणतात, जमीन उतरती आहे की काय?" हे ऐकून उस्ताद डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मनातून त्यांना हायसं वाटलं होतं. पोरगं बंदूक सोडून कात्री धरतंय म्हणजे जिवंत राहणार, असा त्यांनी हिशोब केला. हिशोब काय, आपण करावेत तेवढे होतात.

त्याच सुमाराला उस्तादांच्या उजव्या अंगठ्याला गळू झालं होतं. भलामोठा फडका बांधलेला, कात्रीच्या कडीत अंगठा जाईना. म्हणून सुट्टीभर दुकान तिरप्यानं चालवलं. गल्लीतलं एक डोकं सोडलं नाही. उस्ताद बाकावर बसून देखरेख करायचे, म्हणजे बोलायचे, कारण गळू अंगठ्याला झालं होतं, जिभेला नाही. निघायच्या आदल्या दिवशी दुकान झाडून झाल्यावर तिरप्या म्हणाला, "बाबा, बसा. तुमचेही वाढलेत. कापून देतो."

"नको," उस्ताद म्हणाले. "मला चार माणसांत बसायचं असतं."

तिरप्या हसला, आणि त्यानं कात्री पुसून आरशाखालच्या फळीवर ठेवली.

तो परत जाऊन फार दिवस झाले नव्हते, तोच बातमी घेऊन एक अधिकारी आला आणि त्याच्याबरोबर तिरप्याच्या तुकडीतला एक तरुण शिपाई. अधिकाऱ्यानं दारातच टोपी काढली आणि पाठ केलेलं सगळं नीट सांगितलं. छावणीत पाण्याच्या टाकीपाशी तोफगोळा पडला. तिरप्या पाणी आणायला टाकीकडे गेला होता. उस्तादांनी ऐकून घेतलं आणि त्याच्याशी वाद घालायला सुरुवात केली. "तुमची चूक होतेय, साहेब. माझा मुलगा तुमच्याकडे केस कापतो. तो लढत नाही. नीट विचारा, दुसरा कुणी असेल." मग त्यांनी शिपायाकडे मोर्चा वळवला, त्याला म्हणाले, "तू तरी सांग यांना." त्या पोरानं मान खाली घातली, आणि डोळे पुसायला दुसरीकडे वळला. वळला तेव्हा त्याची मान दिसली. रेघ डावीकडून निघून उजवीकडे बोटभर वर गेलेली.

उस्ताद गप्प झाले. ते नंतर गप्पच राहिले.

बायको एका शब्दानं बोलली नाही. रडायची ती रडली, पण नवऱ्याला काही म्हणाली नाही. तिनं दोष दिला असता तर उस्तादांना परवडलं असतं. मागे विचारलेला तो एक प्रश्नच घरभर फिरत राहिला, जेवताना, हात धुताना, दिवा मालवताना. टॉवेल मात्र ती रोज धुवायची, वाळवायची, घड्या घालून दुकानात आणून ठेवायची. कालचे तसेच असायचे. तेही ती घेऊन जायची आणि पुन्हा धुवायची.

कारण दुकानात कुणी येत नव्हतं.

सुरुवातीला उस्तादांना वाटलं, दुःखाचं घर आहे, लोक संकोचतात. पण दिवस गेले, आठवडे गेले. गल्लीतले सगळे घरी येऊन बसून गेले होते, हात हातात घेऊन गेले होते, पण केस कापायला कुणी येईना. बरं, दुसरीकडे जात असावेत, तर तेही नाही. बेकरीवाल्याच्या कानांवर केस आले. पोस्टमनच्या टोपीखालून मागे झुपके लोंबायला लागले. रस्त्यात उस्ताद समोरून आले की हात टोपीकडे जायचा, टोपी आणखी खाली ओढली जायची, आणि माणूस घाईघाईनं निघून जायचा. घड्याळजींचं दुकान तर बरोबर समोर. रस्त्यापलीकडून ते डोळ्याला भिंग लावून बसलेले दिसायचे, आणि कपाळावर आलेली बट दर थोड्या वेळानं फुंकरीनं उडवायचे.

उस्तादांनी त्याचा अर्थ लावला. भरल्या दुकानात आपण बोललो होतो, सगळ्यांनी ऐकलं होतं, सगळे हसले होते. आता त्यांना आठवतंय. ज्यानं पोटच्या पोराला तोंडानं मरायला धाडलं, त्याच्या हाताखाली मान कोण देणार? उस्तादांना कुणाचा राग आला नाही. त्यांना ते पटलं. रोज सकाळी आरशात बघून दाढी करताना त्यांना स्वतःलाही तेच वाटायचं, आणि वस्तरा गळ्यापाशी आला की हात थोडा थांबायचा.

मग एके दिवशी त्यांनी ठरवलं, पुरे. आरसे उतरवायचे, खुर्च्या विकायच्या, खोली कुणाला तरी गोदामाला द्यायची. बायकोला तसं सांगितलं. तिनं ऐकलं आणि टॉवेल आणून ठेवले.

उस्ताद स्टुलावर चढून खिडकीजवळच्या आरशाचा स्क्रू सोडवत होते, तेवढ्यात घड्याळजी आत आले. आले ते सरळ जाऊन तिरप्याच्या खुर्चीत बसले. खुर्ची कुरकुरली. तो आवाज इतक्या दिवसांत उस्तादांनी ऐकला नव्हता, ते स्टुलावरून खाली उतरले.

"कापा," घड्याळजी म्हणाले. "नाइलाज झाला. काट्यात केस अडकतात."

"ती खुर्ची नको. इकडे बसा."

"इथेच बरं आहे."

उस्तादांनी कापड घेतलं, घड्याळजींच्या गळ्याभोवती बांधलं. गाठ दोनदा सुटली. मग कंगवा आणि पाण्याची बाटली घेऊन ते मागे उभे राहिले, आणि जे इतके दिवस गिळलं होतं ते तोंडातून निघालंच. "तुम्ही तरी आलात," ते म्हणाले. "बाकीचे येणार नाहीत. मला कळतंय ते. माझ्यामुळे गेला तो."

घड्याळजींनी आरशातून त्यांच्याकडे पाहिलं. या माणसाला धड बोलण्याची सवय नव्हती, त्यामुळे जे होतं ते त्यांनी सरळ सांगून टाकलं.

"लोक यायचे थांबले ते त्यामुळे नाही, उस्ताद. आमच्या मानेवर तिरप्याची रेघ होती. तुमच्या हातात कात्री दिली की तुम्ही पहिलं काय केलं असतं?"

उस्तादांना कळेना.

"सरळ केली असती," घड्याळजी म्हणाले. "तुमच्यानं वाकडं बघवत नाही. म्हणून आम्ही आलो नाही. पोस्टमन तर म्हणाला, मी टोपी घालून म्हातारा होईन. पण केस कुणासाठी थांबतात? आता खालची रेघ झाकून गेली सगळी. बायकोला विचारलं, दिसते का गं? ती म्हणाली, नाही दिसत. तेव्हा म्हटलं, आता जावं."

गल्लीतली ती वाढलेली डोकी, त्या खाली ओढलेल्या टोप्या, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं. अख्खी गल्ली त्यांच्या पोराची शेवटची कारागिरी डोक्यावर सांभाळत हिंडत होती, आणि ती नसलेलं एकच डोकं होतं, त्यांचं स्वतःचं. मला चार माणसांत बसायचं असतं. चारही माणसं तशीच हिंडत होती.

ते रडले. आवाज न करता, कंगवा हातात धरून. घड्याळजींनी आरशातून नजर काढून खिडकीबाहेर लावली आणि त्यांचं होऊ दिलं.

"कापा आता," थोड्या वेळानं ते म्हणाले.

उस्तादांनी केस ओले केले आणि कात्री चालवायला सुरुवात केली. आणि गंमत बघा, उस्ताद गप्प आहेत म्हटल्यावर त्या खोलीत जागा झाली, आणि घड्याळजी बोलायला लागले.

"त्या दिवशी बेकरीवाल्याचा कान कापला ना, त्याच्या आधीच तो भरतीला नाव देऊन आला होता."

कात्री थांबली. "कोण?"

"तिरप्या. मला सांगितलं होतं त्यानं. मी आपला कालव्याचं सांगत होतो, तर तोच मध्ये म्हणाला, काका, आज माझं एक ऐका. म्हणाला, दिवसभर ज्यांची पोरं तिकडे आहेत त्यांचे केस कापतो. ऐकतो. नुसतं किती ऐकायचं?"

"मग?" उस्ताद म्हणाले.

"मग काय, नाव दिलं. पण घरी कसं सांगावं ते त्याला सुचेना. आई रडेल, म्हणाला, आणि बाबा बोलायला लागतील. तेवढ्यात तुम्हीच बोललात. त्या संध्याकाळी माझ्याकडे आला तो हसतच. म्हणाला, बाबांनी काम सोपं केलं. आता आई त्यांच्यावर रागावेल, माझ्यावर नाही. त्यांना झेपेल ते."

उस्तादांच्या छातीवरचा दगड हलला. आपल्यामुळे नाही. इतके दिवस ज्याखाली चिरडत होतो ते आपलं नव्हतंच. पण दगड हलला आणि खाली जे निघालं तेही काही कमी दुखणारं नव्हतं. पोरगं एवढं मोठं ठरवून आलं, समोरच्या घड्याळजीला सांगून आलं, आणि बापाला सांगायला त्याला फट सापडली नाही. बापाचं तोंड कधी मिटलंच नाही. आणि तरी जाताना त्यानं बापावर भरवसा टाकला होता, की आईचा राग हा माणूस सोसेल. उस्तादांना हुंदका आला, आणि त्यातच थोडं हसूही आलं, कारण लबाडी पक्की होती आणि बापाला ओळखून केलेली होती.

"हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुमच्या दुकानात आम्हाला बोलायला मिळालं कधी?" घड्याळजी म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. तसंच होतं ते.

"मग?" उस्तादांनी विचारलं. "आणखी काय म्हणाला?"

घड्याळजी सांगत राहिले. सुट्टीवर आला तेव्हा काय म्हणाला, तुकडीतल्या पोरांना उस्तादांच्या नकला कशा करून दाखवायचा, एका घाबरलेल्या पोराचे केस कापताना त्याला घरच्यांबद्दल कसं बोलतं केलं. उस्ताद ऐकत होते. हात आपसूक चालत होता, इतक्या वर्षांचा हात, त्याला सांगावं लागत नव्हतं. मानेवरची रेघ झाली, कल्ले झाले, ब्रशनं केस झटकून झाले, पावडर लागली, तेव्हा कुठं उस्तादांनी लहान आरसा घेतला आणि मागं धरला.

रेघ वाकडी आली होती.

डावीकडून निघून उजवीकडे बोटभर वर. उजवा कल्लाही वर. उस्ताद बघतच राहिले. त्यांच्या हातून असं कधी झालं नव्हतं, शिकत होते तेव्हासुद्धा नाही. समोरच्या आरशात त्यांना स्वतःचं डोकं दिसलं, ते अजून कललेलं होतं. त्यांनी मान सरळ केली. हात सवयीनं कात्रीकडे गेला.

घड्याळजींनी तो हात धरला. केसाएवढा काटा सरकला तरी ज्याला दिसतो असा तो माणूस. त्यानं मान वळवून वळवून रेघ पाहिली, या बाजूनं, त्या बाजूनं, दुकानात घड्याळ उघडून पाहतात तशी, सावकाश.

"बरोबर आहे," ते म्हणाले, आणि उठले.

टोपी त्यांनी डोक्यावर घातली नाही, हातातच धरली, आणि रस्ता ओलांडून आपल्या दुकानात जाऊन पाठमोरे उभे राहिले. वास्तविक तिथं उभं राहायचं काही कारण नव्हतं. पोस्टमन पत्रं वाटत चालला होता, तो थबकला. बेकरीवाला दारात येऊन बघायला लागला. दुपारपर्यंत बाक भरला होता. सगळे खिडकीजवळच्या खुर्चीसाठी थांबले होते, आणि कुणालाच घाई नव्हती.

संध्याकाळी बायको टॉवेल न्यायला आली तेव्हा पोस्टमन उठून निघत होता. तिला त्याची मान दिसली. ती दारातच थांबली, तो गेला त्या दिशेनं पाहत राहिली. मग तिनं खाली केसांचा ढीग पाहिला, ओल्या टॉवेलांची रास पाहिली, आणि बाकावर बसली. इतक्या वर्षांत ती त्या बाकावर कधी बसली नव्हती.

उस्तादांनी दार लोटून घेतलं. तिच्याशेजारी बसून सांगायला सुरुवात केली, घड्याळजी आले तिथपासून. नेहमीसारखं घडाघडा त्यांना सांगता येईना. तिरप्या आधीच नाव देऊन आला होता, हे सांगितलं. का, ते सांगितलं. आई रडेल म्हणून तो घाबरला होता, इथवर आले, आणि तिथं थांबले. ते खाली बघत बसले. तिला पुढचं ऐकायचं आहे की नाही, हे त्यांना कळेना. इतके दिवस ती त्यांच्याशी एक वाक्य बोलली नव्हती.

"मग?" ती म्हणाली.

उस्तादांनी वर पाहिलं. ती त्यांच्याकडेच बघत होती, मांडीवर टॉवेल, आणि मान उजवीकडे कललेली. किती वर्षं ती अशी ऐकत आली होती कुणास ठाऊक. बोलताना त्यांनी तिच्याकडे कधी पाहिलंच नव्हतं.

मग त्यांनी पुढचं सांगितलं.